काठावरचे मासे

लुइझियानाच्या किनाऱ्यावर भरती आलीय हे कळायला पाण्याकडे बराच वेळ बघत बसावं लागतं. मेक्सिकोच्या आखाताच्या या कोपऱ्यात दिवसाला बहुतेक एकच भरती आणि एकच ओहोटी, आणि दोन्हींतला फरक जेमतेम फूटभर. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. आमच्या रायगडात तिथी कळली की खाडीत कधी उतरायचं ते कोणीही बोटांवर मोजून सांगतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. इथे ते गणित चालत नाही. चंद्राच्या कलेपेक्षा तो विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती सरकलाय, त्यावर इथलं उधाण ठरतं. रेवदंड्याहून आलेल्या माझ्या मामांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुमचा समुद्र पेन्शनीत निघालाय."

पाणी हलवायचं काम इथे वारा करतो. हिवाळ्यात उत्तरेकडून थंडीची लाट आली की मागोमाग वारा सुटतो आणि दलदलीतलं पाणी आखातात ढकलून देतो. काल जिथे बोट गेली होती तिथे आज चिखल आणि त्यावर चालणारे बगळे. मासे तेव्हा खोल कॅनॉलात जाऊन बसतात. वारा आग्नेयेचा झाला की पाणी परत आत येतं, गवताच्या बुंध्यांपर्यंत चढतं, आणि त्याच्याबरोबर कोळंबी, खेकडे, बोयांची पिल्लं आणि त्या सगळ्यांना खाणारे मासेही येतात. म्हणून इथले लोक सकाळी उठून भरतीच्या कोष्टकाआधी वाऱ्याचा अंदाज बघतात.

मी जातो ते बाराटारियाच्या बाजूला, न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाँ लफीट नावाचा चाचा इथल्या बेटांत लपत असे. आता त्याच्या नावाचं गाव आहे. गावाच्या पुढे क्षितिजापर्यंत स्पार्टिना हे खाऱ्या पाण्यातलं गवत, मध्ये वळणावळणाच्या चिंचोळ्या वाटा, उथळ तळी आणि पुन्हा गवत. सगळे याला मार्श म्हणतात. मामांनी एक नजर टाकून खाजण म्हटलं, तेही काही चुकीचं नव्हतं, फक्त इथे बांध नाहीत आणि भातही नाही. पाणी गुडघ्याएवढं, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. एवढ्याशा पाण्यात पाच-सात पौंडांचा मासा राहतो, यावर पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही.

तो मासा म्हणजे रेडफिश. तांब्याच्या रंगाचा, शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका, तोंड जरा खालच्या बाजूला वळलेलं. जोडीला ठिपकेवाली ट्राउट. डोंगरातल्या झऱ्यांतल्या ट्राउटशी तिचं काही नातं नाही. हे दोघेही आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातले. या कुळाची खूण म्हणजे पोटातली हवेची पिशवी. आपल्याकडे घोळीच्या त्या पिशवीला भोत म्हणतात आणि तिला माशापेक्षा जास्त भाव मिळतो. इथे तिला कोणी विचारत नाही. पण विणीच्या दिवसांत नर याच पिशवीवर स्नायू आपटून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतो.

रेडफिश बघून मारायचा मासा आहे. कॅप्टन (बोट चालवून माणसं नेणाऱ्या प्रत्येकाला इथे कॅप्टन म्हणतात) इंजिन बंद करतो, मागच्या उंच फळीवर चढतो आणि लांब काठी चिखलात टेकत बोट सरकवतो. पुढे उभ्या असलेल्याने बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही, डब्याचं झाकणसुद्धा वाजवायचं नाही. चष्मा पोलराइज्ड हवा, नाहीतर पाण्यावर नुसतं आभाळ दिसतं. मग गवताच्या कडेला एक शेपूट वर येतं. मासा डोकं खाली घालून चिखलात खेकडा शोधत असतो, आणि पाणी इतकं कमी असतं की मागचं अंग बाहेर राहतं. उन्हात त्या शेपटीची कड निळसर दिसते. ती हलते, बुडते, दोन हातांवर पुन्हा उगवते. इथे घाई करणारा हरतो. गळ डोक्यावर पडला तर चिखलाचा एक लोट उठतो आणि मासा गेलेला असतो. माशाच्या पुढे आणि पलीकडे टाकायचा, आणि हळू त्याच्या वाटेत ओढत आणायचा. आमिष म्हणून पुष्कळदा सोनेरी पत्र्याचा, चमच्याच्या आकाराचा तुकडा पुरतो, नाहीतर शिशाच्या गोळीवर रबराची कोळंबी. मासा वळला तर कळतं, कारण अख्ख्या तळ्याचं पाणी त्याच्याबरोबर वळतं. त्याने गळ घेतला की रीळ ओरडायला लागतं आणि तो सरळ गवतात शिरायला बघतो. तिथे शिंपल्यांच्या धारदार राशी असतात, दोरी घासली की तुटली. बाकी जोर आहे, पण डाव नाही. तांबोशीसारखा तो खडकात घुसून बसत नाही. दोन-तीनदा पळतो आणि मग दमतो.

ट्राउटबद्दल एवढं सांगितलं तर पुरे: ती थोड्या खोल, जास्त खाऱ्या पाण्यात असते, कळपाने हिंडते, आणि तिच्या तोंडाची कातडी इतकी पातळ की जोरात ओढलं की ती फाटून गळ सुटतो. तिच्यासाठी बुडबुड आवाज करणारा फुगा दोरीला लावतात, कारण कोळंबीवर तुटून पडलेल्या ट्राउटचा आवाज ऐकून दुसऱ्या ट्राउट येतात. हे काम मला कंटाळवाणं वाटतं. खायला मात्र ती नाजूक, त्याच दिवशी खायची. रेडफिशला हळद, तिखट, लसूण आणि कोकम लावून केलेलं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

खाण्यावरूनच हा मासा एकदा संपत आला होता. पॉल प्रुडोम नावाच्या शेफने १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये के-पॉल्स हे हॉटेल काढलं. लोण्यात बुडवलेला, मसाल्यात घोळवलेला रेडफिश धूर निघेपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळा करायचा, हा त्याचा पदार्थ. बघता बघता तो अमेरिकाभर गेला. मागणी एवढी वाढली की विमानातून थवे हेरून खोल समुद्रात मोठमोठी जाळी घालायला सुरुवात झाली. ते थवे म्हणजे विणीचे मासे. १९८०चं दशक संपेपर्यंत केंद्र सरकारने आखाताच्या आपल्या हद्दीत रेडफिश मारणं बंद केलं आणि लुइझियानाने धंद्यासाठीची मासेमारीच थांबवली. टेक्सासने विक्रीवर बंदी त्याआधीच, १९८१ मध्ये आणली होती. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी केंद्राच्या हद्दीतल्या रेडफिशच्या विक्रीविरुद्ध खास आदेश काढला. आज इथल्या हॉटेलात पानावर येणारा रेडफिश बहुतेक वेळा तळ्यात वाढवलेला असतो. खाडीतला हवा असेल तर गळ घेऊन स्वतः जायचं.

आणि गेलात तरी मोजून आणायचे. २०२४ पासून माणशी दिवसाला चार, लांबी १८ ते २७ इंचांच्या मध्ये. ट्राउटचा आकडा त्याच्या आदल्या वर्षी पंचवीसवरून पंधरावर आणला. मामा सोबत होते त्या दिवशी त्यांच्याच गळाला मोठा लागला. पट्टीवर ठेवला तर एकतीस इंच. मी तो पाण्यात धरला, पुढे-मागे हलवला, त्याने शेपूट मारली आणि गेला. मामा माझ्याकडे बघतच राहिले.

"अरे, हातचा सोडलास? घरी काय सांगायचं?"

"मामा, सत्तावीसच्या वरचा ठेवता येत नाही. दंड होतो."

"लहान सोडावा हे समजतं. मोठा कशाला सोडायचा?"

मी सांगितलं, की हा मासा पहिली तीन-चार वर्षंच मार्शमध्ये काढतो. मग समुद्रात जातो, चाळीस वर्षांपर्यंत जगतो, आणि दर शरदात खाड्यांच्या तोंडाशी येऊन अंडी घालतो. सत्तावीसच्या वरचा म्हणजे पुढचं बियाणं. मामा गप्प झाले. थोड्या वेळाने स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "आमच्याकडे मोठा जिताडा आता दिसत नाही." जिताडा तर वाढता वाढता नराची मादी होतो, मोठा दिसला की ती मादीच. आणि मोठा मिळाला की आपण तो जावयाला धाडतो, त्यातच मान. या प्रथेवर मी काही बोललो नाही, कारण त्या मानाचे जिताडे मीही खाल्ले आहेत.

तेव्हा आकड्यांचा कायदा चालतो, हे रेडफिशने दाखवून दिलं. पण तो कायदा पकडणाऱ्याच्या हातावर आहे. मासा ज्या गवतावर जगतो त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

१९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्याची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्यात गेली. गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. कारणं गुंतलेली आहेत, पण मूळ कारण सोपं. हा सगळा प्रदेश मिसिसिपीने आणलेल्या गाळाचा. तो आपल्याच वजनाने खाली बसत असतो, आणि नदी दर पुरात नवा थर घालून ती तूट भरून काढत असे. १९२७च्या महापुरानंतर नदीला दोन्ही बाजूंनी पक्के बांध पडले आणि गाळ सरळ खोल समुद्रात जायला लागला. त्यात तेल कंपन्यांनी विहिरींपर्यंत जायला हजारो मैल कॅनॉल खणले, त्यांतून खारं पाणी आतल्या गोड्या दलदलीत शिरलं, मुळं मेली आणि दुधात भिजलेल्या भाकरीसारखी जमीन सुटत गेली. माझा पगार नदीकाठच्या रिफायनरीतून येतो, तेव्हा कॅनॉलांबद्दल मी बोटीवर आवाज चढवून बोलत नाही. समुद्राची वाढती पातळी आणि २००५ची कॅट्रिना, २०२१ची आयडा ही वादळं या सगळ्यावर येऊन आदळली.

गंमत अशी, की या मरत्या जमिनीवर मासेमारी उत्तम होते. मासा गवताच्या आत राहत नाही आणि उघड्या पाण्यातही फारसा राहत नाही; तो राहतो काठाला. अखंड मार्शला काठ कमी. तो फुटायला लागला, त्यात तळी पडली, बेटं सुटली, की काठाची लांबी वाढत जाते. कोळंबी वाढते, खेकडे वाढतात, रेडफिश हाताशी येतो. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी कोळंबीबद्दल हे गणित मांडलं होतं: जमीन फुटताना काही काळ पीक वाढेल, आणि तुकडे फार लहान झाले की काठच संपेल आणि पीक एकदम कोसळेल. "पूर्वीपेक्षा मासा कुठे कमी आहे?" असं धक्क्यावर कोणी विचारतं तेव्हा मला हे आठवतं. मासा भरपूर असणं ही इथे तब्येतीची खूण धरता येत नाही.

हे बोटीतल्या पडद्यावर सरळ दिसतं. जीपीएसचा नकाशा चार-दोन वर्षं जुना असला तर बोटीचं चिन्ह हिरव्या जमिनीवरून धावत असतं आणि आजूबाजूला मात्र नुसतं पाणी. २०११ नंतर एकट्या प्लॅकमिन्स परगण्यातली तीसहून जास्त नावं सरकारी सागरी नकाशांवरून काढून टाकली. येलो कॉटन बे हे त्यांतलं एक. उपसागराला निदान तीन बाजूंनी जमीन लागते. जमीन गेली, मग नाव कशाला चिकटवायचं? आणि तरीही या पाण्यात मधूनच खांबावर 'खासगी मालमत्ता, प्रवेश बंद' अशी पाटी दिसते. धूप होऊन जमीन नौकावहनाच्या पाण्याखाली गेली की तळ राज्याचा होतो आणि त्याखालचं तेल आणि वायूही. म्हणून मालक पाण्यावरही हक्क सांगत राहतो. आजोबांनी गायी चारल्या तिथे नातू पाटी लावून बोटी अडवतो आणि गळ टाकणारा हुज्जत घालतो. दोघांनाही त्या जमिनीचं काही देणंघेणं उरलेलं नाही.

उपाय काढला होता. मर्टल ग्रोव्ह गावाजवळ नदीच्या बांधाला दरवाजे बसवून गाळाचं पाणी बाराटारियात सोडायचं. २०१०च्या तेलगळतीच्या भरपाईतून सुमारे तीन अब्ज डॉलर. ऑगस्ट २०२३ मध्ये काम सुरू झालं, जुलै २०२५ मध्ये राज्याने ते रद्द केलं. कोळंबीवाले आणि कालवं पिकवणारे पहिल्यापासून विरोधात होते, कारण नदीचं गोडं पाणी आलं की कालवं मरणार आणि कोळंबी खाली सरकणार, हे सरकारी अहवालातच लिहिलं होतं. डॉल्फिनही मेले असते. माझ्यापुरतं बोलायचं तर ट्राउट गेली असती, रेडफिश राहिला असता, त्याला गोडं पाणी चालतं; आणि तो सौदा मला मान्य होता. पण मी सुट्टीच्या दिवशीचा मासेमार. कॅप्टनच्या भावाची कालवं त्याच पाण्यात आहेत.

"जमीन पन्नास वर्षांनी येणार," कॅप्टन म्हणतो, "हप्ता एक तारखेला येतो."

पश्चिमेला वॅक्स लेक म्हणून जागा आहे. १९४१-४२ मध्ये मॉर्गन सिटीला पुरातून वाचवायला तिथे एक मोठा कॅनॉल खणला. गाळाचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. १९७३च्या पुरानंतर त्याच्या तोंडाशी जमीन वर आली, आणि तिथला त्रिभुज प्रदेश अजून वाढतोय. त्यावर विलोची झाडं उभी आहेत. मी कॅप्टनला म्हटलं, एकदा तिथे जाऊन बघू, रेडफिश तिथेही आहे. तो म्हणाला, बघायला काय, पेट्रोल तुझं.