उपास, हृदयविकार आणि धम्माची कसोटी



बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा उतरला; पण सोमवार आणि चतुर्थी पुष्कळ घरांतून अजून गेलेली नाही. अमरावती-अकोल्याकडे आता या उपासांना नवा आधार सांगितला जातो: उपाशी राहिल्याने हृदय सुधारते, असे विज्ञानच म्हणते! डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेलेला दोन वेळच्या जेवणाचा विचारही साक्षीला काढतात. वास्तविक त्यात वार नाही, तिथी नाही, नवस नाही.

मार्च २०२४ मध्ये शिकागो येथे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत उलट वार्ता आली. सुमारे २०,००० अमेरिकन प्रौढांच्या पाहणीत, दिवसाचे सारे खाणे आठ तासांच्या आत उरकणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के अधिक आढळला. लगेच दुसरा पक्ष म्हणू लागला, उपासाने माणूस मरतो!

दोन्ही पक्ष घाई करतात. ९१ टक्के म्हणजे शंभरातील ९१ माणसे मेली असे नव्हे; जेथे शंभरात दोन मरतील तेथे जवळजवळ चार, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय त्या लोकांना केवळ दोन दिवसांचे खाणे विचारले होते. ते आरोग्यासाठी कमी वेळ खात होते, की आजारपणामुळे, गरिबीमुळे, कामाच्या पाळीमुळे, हे त्यावरून कळत नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

तथागतांनी कालामांना हेच शिकविले. परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. हित-अहित स्वतः पारखा. ही कसोटी पोथीला लावावी तशी टक्केवारीलाही लावली पाहिजे. स्वतः तथागतांनी सहा वर्षे देह कष्टविला आणि अखेर सुजाताची खीर स्वीकारून मध्यम मार्ग धरला.

निंदणाला जाणारी आपली माय सर्वांना वाढून उरले तर खाते. तिच्या उपाशीपणाला कोणी आरोग्य म्हटले नाही. स्वतः निवडलेली भूक आणि लादलेली भूक एक नव्हे. तीच माय मधुमेहाची गोळी घेऊन सोमवार धरते, तेव्हा रक्तातील साखर एकाएकी उतरून ती कोसळू शकते. तिला इर्विनमध्ये किंवा सर्वोपचार रुग्णालयात न्या, रक्तदाब व साखर तपासून घ्या, जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारा. आणि आज रात्री तिचे ताट सर्वांच्या सोबत वाढा. पारखणे ही प्रज्ञा आहे. पण ताट वाढल्याशिवाय करुणा पुरी होत नाही.