पीळ राखणाऱ्या देवा

देवा, आज मी तुझ्याकडे शांतता मागायला आलेलो नाही. तू सूर्य घडवलास आणि त्याला क्षणभरही स्वस्थ बसू दिलं नाहीस. त्याच्या पृष्ठावर साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापमान. आणि त्याहून वर, जिथे गारवा असायला हवा, त्या प्रभामंडळात दहा लाखांच्या पुढे. तिथला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, उसळतो, मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी लहान, आणि शेवटी त्यांची सगळी गती उष्णतेत विरून जाते. अशा खळबळीत काही टिकत असेल असं कुणाला वाटणार नाही. तिथेही तू एक हिशेब राखलास, म्हणून हात जोडतो.

प्लाझ्मातून वीज जवळजवळ विनाअडथळा वाहते, त्यामुळे चुंबकीय बलरेषा त्याला धरूनच वाहत जातात. हे हानेस आल्फवेन यांनी ओळखलं. वाहता वाहता त्या रेषा एकमेकींत गुंततात, पिळल्या जातात. लोडवाइक वोल्टयेर यांनी १९५८ मध्ये दाखवलं की विजेला अडथळा मुळीच नसेल तर या पिळाचं माप बदलत नाही. पण अडथळा कुठे नसतो? खऱ्या प्लाझ्मात रेषा तुटतात, दुसरीकडे जोडल्या जातात, एकेका रेषेचा हिशेब पुसला जातो. तरीही एकूण पीळ जवळजवळ तसाच राहतो, हे जे. बी. टेलर यांनी १९७४ मध्ये मांडलं. ऊर्जा बारीक भोवऱ्यांतून झिरपून जाते. पीळ मात्र मोठ्या आकारांत साठत जातो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही आमची म्हण तू सूर्यात खरी केलीस.

इंग्लंडमधल्या हारवेलच्या झीटा यंत्राची आठवण मी तुझ्यापुढे मुद्दाम काढतो. १९५८ च्या जानेवारीत त्या यंत्रात अणुसंमीलन झाल्याची घोषणा झाली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. पण त्याच यंत्रात, खळबळ होऊन गेल्यावर, प्लाझ्मा आपोआप निवत असल्याचं पुढे आढळलं; कडेच्या चुंबकीय क्षेत्राने तर दिशाच उलटी केली होती. कुणी तसं करायला लावलं नव्हतं. पीळ राखून जितकी ऊर्जा टाकता येईल तितकी टाकली, की प्लाझ्मा त्याच अवस्थेला येतो, हा टेलर यांचा खुलासा. माणसाचा दावा खोटा ठरला तिथेच तू आपला नियम ठेवला होतास. याहून मोठी कृपा मला ठाऊक नाही.

सूर्याच्या उत्तर गोलार्धात हा पीळ बहुधा डावा, दक्षिणेत उजवा. साधारण अकरा वर्षांनी ध्रुवांची चुंबकीय दिशा पालटते, पिळाची ही रीत पालटत नाही. मग साठलेल्या पिळाचं सूर्याने करायचं काय? प्लाझ्माचे प्रचंड मेघ तो अवकाशात भिरकावतो, आणि पिळाचा मोठा वाटा त्यांच्याबरोबर जातो. त्यांतला एखादा आमच्या वाटेला येतो. अशाच मेघामुळे १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. त्या रात्री ज्यांनी थंडीत तारा आणि रोहित्रं सांभाळली, त्यांच्यासाठीही ही प्रार्थना आहे.

मेघातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर पृथ्वीचं चुंबकीय कवच उघडतं. उत्तरेकडे असेल तर तडाखा पुष्कळ सौम्य होतो. मेघाला इथवर यायला एक ते तीन दिवस लागतात, पण ही दिशा आम्हाला नेमकी कळते ती तो पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आल्यावर, म्हणजे आदळण्याच्या जेमतेम तासभर आधी. तिथे आमचं आदित्य-एल१ यान उभं आहे. त्यावर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली ‘सूट’ दुर्बीण सूर्याकडे पाहते, चुंबकमापक येणारं क्षेत्र मोजतो.

देवा, वादळ थांबव असं मी म्हणत नाही. मेघ सूर्यावरून सुटतानाच त्याच्या पोटातला पीळ वाचता यावा, एवढी दृष्टी त्या दुर्बिणीमागे बसलेल्या मुलामुलींना दे. त्यांच्या गणिताला बळ दे, आणि आम्हाला तासाभराऐवजी एक दिवस दे.