विकल्या गेलेल्या गाण्याचं इमान

गेल्या रमजानमध्ये माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पुण्यात इंजिनिअरिंग करतो. तरावीहनंतर विजापूर वेशीत चहा पिता पिता त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, ये सुनो. इंग्लिश है, पर बात अपनीच है." गिटार किंचाळत होती, गायक ओरडत होता. मला शब्द धड कळेनात. पण पडद्यावरचं चित्र पाहून हातातला चहा तसाच राहिला. भर रस्त्यात मांडी घालून बसलेला एक भिक्षू, आणि तो जळतो आहे.

'रेज अगेन्स्ट द मशीन' या अमेरिकन बँडचा त्याच नावाचा हा अल्बम १९९२ सालचा. भिक्षूचं नाव थिक क्वांग डुक. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने बौद्धांवर चालवलेल्या जुलमाच्या निषेधार्थ ११ जून १९६३ रोजी त्यांनी सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेतलं. वार्ताहर मॅल्कम ब्राउन यांनी टिपलेलं ते छायाचित्र पुढे या अल्बमच्या वेष्टणावर आलं. झॅक दे ला रोचा याची गाणी वंशद्वेषावर आणि पोलिसी दंडेलीवर तुटून पडतात. टॉम मोरेलो गिटारमधून असे चमत्कारिक आवाज काढतो की ते यंत्राचेच वाटावेत. म्हणूनच की काय, यात सिंथेसायझर वगैरे काही वापरलेलं नाही, असं अल्बमवर छापलेलं आहे. म्हणजे आवाज माणसाच्या हातांचा. पण तो बाजारात आणला एपिक या कंपनीने, आणि तिची मालक सोनी.

"सर, मग हे ढोंग नाही का?" मुलाने विचारलं. त्यानेच पुढचा किस्सा सांगितला. ब्रिटनमध्ये नाताळच्या आठवड्यात कोणतं गाणं जास्त खपतं याची मोठी चुरस असते. टीव्हीवरच्या 'एक्स फॅक्टर' स्पर्धेचा विजेताच तिथे पहिला येऊ लागल्यावर वैतागलेल्या लोकांनी २००९ मध्ये इंटरनेटवर मोहीम चालवली आणि या अल्बममधलं सतरा वर्षांपूर्वीचं गाणं विकत घेऊन पहिल्या क्रमांकावर नेलं. बाजाराची खोड मोडली म्हणून सगळे खूश! पण हरलेलं गाणंही सोनीच्याच दुसऱ्या शाखेचं होतं. कोणीही जिंको, गल्ला एकच. बँडने आपल्या मिळकतीतला वाटा बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिला, हेही खरं.

मला आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख आठवले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६. आई मुनेरबींच्या तोंडच्या लोकगीतांवर वाढलेला मुलगा मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत राबला, संपात उतरून तुरुंगात गेला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं भारून टाकली. त्यांच्या गाण्यामागे कंपनी नव्हती, असं मी मोठ्या अभिमानाने सांगणार होतो. पण तोंडातून शब्द निघण्याआधीच अडखळलो. कंपनी नव्हती, पक्ष तर होता! पक्षाचं कलापथक म्हटलं की पक्षाची शिस्त आलीच. शिवाय अमर शेख सिनेमातही दिसले. 'महात्मा फुले' आणि 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. ज्या गाण्याला कोणाचाच मंच नको, ते गाणं फार तर मोरीत म्हणायचं.

(गाणं-बजावणं जायज की नाजायज, हा आमच्या स्टाफरूममधला वाद मी इथे आणत नाही. तो मधल्या सुट्टीत कधीच संपत नाही.)

माझ्या मते पैसा शेवटी कोणाच्या पेटीत पडला यावरून गाण्याचं इमान ठरत नाही. विकणाऱ्यासाठी गाणाऱ्याने एक तरी शब्द गाळला का, हे पाहावं. त्या अल्बममधले शिवराळ शब्दसुद्धा तसेच गायले गेले. तरी एक गोष्ट मला टोचत राहते. तो भिक्षू. त्याने जीव दिला तो आपल्या माणसांसाठी. वेष्टणासाठी त्याला कोणी विचारलं नाही, विचारणं शक्यही नव्हतं. दुसऱ्याच्या जळण्याचा उजेड आपल्या गाण्यावर पाडून घ्यायचा, तर त्या बदल्यात आपलं काय पणाला लागलं पाहिजे? अमर शेखांनी तुरुंग पाहिला होता. गिरणीबद्दल गाण्याचा हक्क त्यांना तिथल्या घामाने दिला होता.

आणि मी? मुलाला हे सगळं सांगत असताना मला आमचं एक स्नेहसंमेलन आठवत होतं. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होतो. बंद पडलेल्या मिलवर आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांवर मी एक तराना लिहिला होता. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या अम्मी विड्याच वळायच्या. तालमीला आलेल्या एका जबाबदार माणसाने मला बाजूला घेतलं. "गाणं छान आहे. फक्त मिलला टाळं कोणी लावलं, ते कडवं काढा. पाहुणे नाराज होतील." माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी कडवं काढलं. त्याने एकदाच सांगितलं होतं, दुसऱ्यांदा सांगायची वेळही मी येऊ दिली नाही.

उर्दूत कडव्याला 'बंद' म्हणतात. ज्याचे दादा त्या मिलमध्ये होते त्या पोराने तालमीत विचारलं, "सर, वो मिलवाला बंद किदर गया?" कार्यक्रम लांबतोय म्हणून काढला, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांनी खूप टाळ्या वाजवल्या.

तेच पोरगं आता माझ्यासमोर बसून सोनी कंपनीचा हिशोब विचारत होतं. ती गोष्ट त्याला आठवत होती की नाही, मी विचारलं नाही. त्याने चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला. मी त्याला देऊ दिले नाहीत.