अंदाजाचा धनी

सप्टेंबरअखेर शिरूर अनंतपाळच्या शिवारात सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि त्याच सुमाराला खरिपाची ‘नजर अंदाज पैसेवारी’, म्हणजे प्रमाण पिकाला रुपया धरून यंदाच्या पिकाचा पैशांत मांडलेला सरकारी अंदाज, जाहीर होते. समजा, एखाद्या गावाची ४७ पैसे आली. नाव नजरेचं नि अंदाजाचं, आणि आकडा मात्र सत्तेचाळीस. शेहेचाळीस नाही की अठ्ठेचाळीस नाही. खटकतं ते हे.

इंग्रजी ‘अप्रॉक्झिमेटली’ समोर आलं की आपण ‘अंदाजे’ किंवा ‘सुमारे’, जो आधी सुचेल तो लिहून मोकळे होतो. दोन्ही शब्द फारसी, मराठीत केव्हाच मुरलेले. पण त्यांची कुळं निराळी. अंदाजाच्या मुळाशी फेकणं आहे: तीर सोडणारा तो तीरंदाज, तोफगोळा टाकणारा तो गोलंदाज. सुमार म्हणजे मोजणी. म्हणून जनगणनेला खानेसुमारी म्हणत आणि मोजता येत नाही ते बेसुमार. (मराठीची स्वतःची तऱ्हा याहून गमतीची: ‘एक’सारखा नेमका आकडा शंभराला चिकटला की त्याचं ‘शंभरेक’ होतं, आणि शंभरही नक्की राहत नाहीत.) या हिशेबाने पीककापणी प्रयोगात ठरलेल्या तुकड्यातलं पीक कापून, मळून, तोलून येतो तो आकडा ‘सुमारे’चा, बांधावरून पाहून ठरतो तो ‘अंदाजे’चा. पहिला भरवशाचा, दुसरा कामचलाऊ, असं म्हणून इथेच थांबता आलं असतं.

पण कुणी म्हणेल, दोन्ही शब्द पळवाटाच. नेमका आकडा द्या. त्याने अशाच एका सप्टेंबरअखेरचा, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आठवावा. मृतांचा आकडा कुठे ७,९२८ छापला जातो, कुठे ९,७४८. दोन्ही एककापर्यंत नेमके, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणं शक्य नाही. तिथे ‘सुमारे’ लिहिणारा जास्त प्रामाणिक. मात्र नेमका आकडा मागणाऱ्याचा एक मुद्दा खोडता येत नाही: पैसेवारी ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर जिथे गावाची टंचाई ठरते, तिथे ‘पन्नासेक’ चालत नाही.

या मुद्द्याचा विचार करताना माझीच वाटणी डळमळते. कापून तोललेले तुकडे मोजके. त्यांवरून गावभराच्या पिकाचा आकडा काढायचा म्हणजे मोजणीलाही शेवटी फेक आलीच. आणि फेक म्हणजे आंधळेपणा नव्हे. गोलंदाज नेम धरतो, आणि गोळा कुठे पडला ते सगळ्यांना दिसतं. शेंग फोडून, दाणा दाताखाली धरून एकरी किती पोती होतील हे सांगणारा शेतकरीही नेमच धरतो. तो चुकला तर पोती त्याचीच कमी भरतात. कागदावरच्या सत्तेचाळीसमागे असा धनी दिसत नाही, आणि माझी तक्रार आता एवढीच उरते. तेव्हा ‘सुमारे’ लिहिणाऱ्याने काय मोजलं ते सांगावं. ‘अंदाजे’ लिहिणाऱ्याने नेम कुणी धरला, ते.