निदणाबरोबर गहूही?



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १३:२४-३०) चाकर धन्याला विचारतात, निदण उपटून टाकू का? धनी त्यांना थांबवतो. त्याला काळजी आहे ती गव्हाची. वसईच्या वाडीत ज्यांनी खुरपे चालवले आहे, त्यांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. घाईत मारलेल्या खुरप्याखाली वांग्याची किती रोपे गेली, ते आपल्यालाच ठाऊक.

पावसाळा लागला की आपल्या गावांत डेंग्यू-मलेरियाची धास्ती सुरू होते. पोर तापाने फणफणते, रक्ताच्या रिपोर्टात प्लेटलेट्स खाली आलेल्या दिसतात आणि आईबापांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. अशा वेळी गल्लीत धुराचे यंत्र घरघरत आले की हायसे वाटते. त्या आईला मधमाश्यांची गोष्ट सांगायची कोणत्या तोंडाने? डास मारलेच पाहिजेत, याबद्दल आपल्यात दुमत नाही. ते कुठे आणि केव्हा मारायचे, एवढाच प्रश्न आहे.

धुरातले औषध उडणाऱ्या डासाला मारते. पाण्यातल्या अळीला त्याने काही होत नाही. डेंग्यूचा डास आपल्याच घरात साठवलेल्या पाण्यात वाढतो: पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, अंगणात पडलेला टायर. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे आज धूर मारला आणि पिंप तसेच राहिले, तर पुढच्या आठवड्यात नवे डास तयार. फुलावर बसलेली मधमाशी मात्र त्याच धुरात मरते आणि तिची जागा भरून यायला वेळ लागतो.

हा धोका किती मोठा असू शकतो, ते अमेरिकेतल्या एका घटनेवरून कळते. दक्षिण कॅरोलिना राज्यातील डॉर्चेस्टर काउंटीत २८ ऑगस्ट २०१६ रोजी, झिका रोगाच्या भीतीने, विमानातून नॅलेड हे कीटकनाशक फवारण्यात आले. दिवस रविवारचा, वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ, म्हणजे माश्या फुलांवर निघण्याची. समरव्हिल येथील एकाच ठिकाणच्या ४६ पेट्यांतील वीस लाखांहून अधिक मधमाश्या मेल्या. हेतू चांगला होता, वेळ चुकली.

आपल्याकडे काकडी, कारले, भोपळा यांची नर-मादी फुले वेगळी असतात. पराग नेणारे कोणी आले नाही तर कोवळे फळ पिवळे पडून गळते, मग खत कितीही घाला. दुधीचे पांढरे फूल तर संध्याकाळी उमलते आणि त्यावर पतंग येतात. त्यामुळे रात्रीचा धूर अगदी निर्धोक, असेही म्हणता येत नाही.

देवाने इस्राएलला सांगितले होते की, शत्रूच्या नगराला वेढा घालाल तेव्हाही तिथली फळझाडे तोडू नका (अनुवाद २०:१९). युद्धालाही मर्यादा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात (परिच्छेद ३४) शेतीला उपकारक असे पक्षी व कीटक विषारी औषधांनी नाहीसे होत असल्याची खंत मांडली. आणि पास्काच्या रात्री मेणबत्तीसमोर गायल्या जाणाऱ्या स्तुतिगीतात मधमाशीचा उल्लेख येतो, हे आपल्यापैकी कितीजणांनी कान देऊन ऐकले आहे?

रुग्ण सापडला आणि पालिकेने धूर मारायचे ठरवले, तर अडवू नये. मात्र आदल्या दिवशी कळवा, सकाळी माश्या फुलांवर असताना मारू नका, वेलींच्या मांडवाकडे नळी वळवू नका, अशी विनंती जरूर करावी. मोहोळ असलेले झाड कर्मचाऱ्यांना दाखवावे. बाकीचे काम आपले. आठवड्यातून एक दिवस पिंपे रिकामी करून आतून घासावीत, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. टाकीला घट्ट झाकण हवे. विहिरीत गप्पी मासे सोडता येतील, ओढ्यात मात्र नकोत.

सुरुवात चर्चच्या आवारापासूनच करावी लागेल. आपल्या दफनभूमीत कबरींवरच्या फुलदाण्यांत पावसाचे पाणी साचले आहे आणि त्यात अळ्या वळवळताना दिसतात. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आपण सारे तिथे जमू. ज्यांचे नातलग परगावी आहेत, त्यांच्या कबरींवरच्या फुलदाण्याही उलट्या करू. घासण्यासाठी काथ्या घेऊन यावे.