इसार दिलेले घर

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसास घर पाहण्याची विद्या आपोआप अवगत होते. बदलीचा हुकूम हाती पडला की नवे शहर आम्हांस प्रथम दिसते ते त्यातील देवळांवरून वा किल्ल्यांवरून नव्हे, तर भाड्याच्या जागांच्या पाट्यांवरून. पाणी किती वेळ येते, गच्ची कोणाची, जिन्याखाली सायकल ठेवता येईल काय, हे प्रश्न आम्ही अर्ध्या झोपेतही विचारू शकू. परंतु एक प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे कोणास विचारला नव्हता, आणि स्वतःस तर मुळीच नव्हता. ज्या घरास आधीच कोणी मागणी घातली आहे, ते पाहावयास जावे काय?

दिल्लीस घर विकत घ्यावयाचे असे ठरविल्यावर तो प्रश्न आमच्यापुढे अनपेक्षितपणे उभा राहिला. यमुनेपलीकडील एका वसाहतीत दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर आहे, असे दलालाने सांगितले आणि शेवटी सहज जोडले, "बयाना हो चुका है साब, पर देखने में क्या जाता है?" आपल्याकडे ज्यास इसार म्हणतात, त्यास इकडे बयाना म्हणतात. पाहण्यात काय जाते, हे त्याचे म्हणणे त्या वेळी आम्हांसही बिनतोड वाटले. आम्ही सौ.सह रविवारी सकाळी घर पाहावयास गेलो.

दार एका वृद्ध गृहस्थांनी उघडले. ते एकटेच राहत होते. मुलाने बेंगळुरूस बोलाविल्यामुळे घर विकावयाचे होते. त्यांनी आम्हांस 'बेटा' म्हणून आत घेतले, चहा केला, आणि न विचारताच सांगितले की, एका सरकारी कचेरीतील बाबूंनी बयाना दिला आहे. परंतु त्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून काढावयाची रक्कम अद्याप मंजूर झालेली नाही. कागद कोठेतरी अडकला आहे. कागद कोठे आणि कसा अडकतो, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? तो आमच्यासारख्याच एखाद्या कारकुनाच्या टेबलावर, आमच्या टेबलावर असतो तशाच एखाद्या गठ्ठ्याखाली, निवांत पडलेला असणार.

घर आम्हांस आवडले. सौ.ना तर देवघराची जागाही दिसली. मात्र स्वयंपाकघरात भिंतीवर पेन्सिलीने मारलेल्या दोन बारीक रेघा होत्या. फळी कोणत्या उंचीवर बसवावयाची, याची ती खूण होती. सौ.नी हात वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्या बाई माझ्याच उंचीच्या दिसतात." त्यानंतर जिना उतरेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

सायंकाळी दलालाचा फोन आला. दोन लाख अधिक दिल्यास म्हातारबाबा पहिल्या मंडळींचा बयाना दुप्पट करून परत करावयास तयार होतील. इकडची रीतच तशी आहे. कोणाचे नुकसान होत नाही, उलट त्या बाबूंस घरबसल्या दुप्पट रक्कम मिळेल. हा हिशेब ऐकावयास इतका गोड होता की, दोन दिवस आम्ही तोच स्वतःशी पुनःपुन्हा मांडीत राहिलो.

त्या दोन दिवसांत आम्ही कायद्याचाही आश्रय शोधला, हे कबूल केले पाहिजे. मनुष्यास नीतीची अडचण वाटू लागली की तो कायद्याचे पुस्तक उघडतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम सांगते की, विक्रीचा करार झाला म्हणून तेवढ्यानेच त्या मालमत्तेत खरेदीदाराचा हितसंबंध उत्पन्न होत नाही. हे वाचून आम्हांस हायसे वाटले. घर अद्याप म्हातारबाबांचेच होते! परंतु पुढे १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचे १९ वे कलम दृष्टीस पडले. मागाहून घेणारा मनुष्य पहिल्या कराराच्या बंधनातून केव्हा सुटतो? त्याने मोल दिले असेल, सद्भावनेने दिले असेल, आणि पहिल्या कराराची त्यास जाणीव नसेल, तेव्हाच. म्हणजे सारा प्रश्न अखेर एका गोष्टीवर येऊन थांबला: तुम्हांस ठाऊक होते काय? आणि आम्हांस तर चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच ते ठाऊक झाले होते.

'पाहण्यात काय जाते' ह्या प्रश्नाचे उत्तर येथे आम्हांस सापडले. पाहण्यात अजाणतेपणा जातो. न पाहिलेल्या घराविषयी आपणांस लोभ नसतो, आणि न ऐकलेल्या शब्दाविषयी आपल्यावर जबाबदारी नसते. पाहिले की दोन्ही एकदमच अंगाला चिकटतात. शिवाय पाहणारा एकटाच बदलत नाही. त्याच्या येण्याने विकणाराही बदलतो. काल जो गृहस्थ दिलेल्या शब्दात समाधानी होता, त्याच्या मनात दुसरे गिऱ्हाईक उंबरठ्यात उभे राहिले की अधिक किमतीचा विचार डोकावतो. आपण तोंडातून आकडा काढला नाही, तरी आपले उभे राहणे हाच एक आकडा असतो.

हा विचार काही आमच्या एकट्याचा नाही. इस्लामी परंपरेत एका भावाच्या सौद्यावर दुसऱ्याने सौदा करू नये, आणि एकाच्या विवाहाच्या मागणीवर दुसऱ्याने मागणी घालू नये, असे दोन्ही निर्बंध जोडीने सांगितले आहेत. यहुद्यांच्या तालमूदमध्ये तर ह्याहून साधा दृष्टांत आहे: एखादा गरीब मनुष्य भाकरीच्या मागे असता दुसऱ्याने मध्येच येऊन ती उचलली, तर त्या दुसऱ्यास दुष्ट म्हणावे. इंग्लंडात करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेला नसतो; तरीही मान्य केलेला भाव सोडून वरचढ भाव घेण्यास तेथील लोकांनी 'गॅझम्पिंग' असे तिरस्काराचे नाव दिले आहे. कायदा मोकळीक देतो तेथेही भाषा बोट दाखविते. आणि आपल्याकडे? साखरपुडा झालेली मुलगी पाहावयास जाणाऱ्यास आपण काय म्हणतो, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. मुलगी व घर ह्यांची तुलना फार ताणून चालणार नाही, आणि विकणाऱ्याचीही काही बाजू असते. नुसता भाव सांगून गेलेला मनुष्य घर अडवून ठेवू शकत नाही. मालकाने होकार दिलेला नसेल तर घर पाहण्यात कोणाचा अपराध होत नाही. इसार दिलेला मनुष्यही ते अनंतकाळ अडवू शकत नाही. म्हातारबाबांस बेंगळुरूस जावयाचे होते, आणि कोठल्याशा कचेरीतील गठ्ठ्यापायी त्यांनी किती महिने थांबावे? शब्दास मान आहे तसा मुदतीसही आहे. म्हणून आमच्या मते शिष्टाचार एवढाच ठरतो: घर पाहण्यापूर्वी कोणाचा शब्द आहे काय, हे आपण होऊन विचारावे. असल्यास त्याची मुदत विचारावी. मुदत संपेपर्यंत जाऊ नये. नकळत गेलोच तर किंमत बोलू नये. आणि पहिला व्यवहार मोडल्यास आम्हांस कळवावे, एवढेच उघडपणे सांगून परत फिरावे. ह्यात कोणाचे घर अडत नाही आणि कोणाचा घासही हिरावला जात नाही.

आम्ही दलालास मुदत विचारली. अठरा दिवस उरले होते. तोपर्यंत आम्ही भाव बोलणार नाही, असे त्यास सांगितले. तो हसला. आठवड्याच्या आतच ते घर तिसऱ्याच कोणी वाढीव किमतीस घेतले, असे कळले. बाबूंस त्यांचा बयाना दुप्पट मिळाला असेल. पेन्सिलीच्या त्या रेघा मात्र बहुधा पहिल्याच रंगकामात पुसल्या गेल्या असतील.

मग आमच्या सभ्यतेने कोणाचे भले झाले? कचेरीतील एका मित्राने हाच प्रश्न केला, आणि आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. बाबूंचे घर वाचले नाही, आमचेही झाले नाही, आणि लाभ झाला तो ज्याने काहीच विचारले नाही त्याचा. 'आपण नाही तर दुसरा कोणी करील' ह्या वाक्याचे सामर्थ्य हेच आहे की, ते पुष्कळदा खरे ठरते. परंतु ते दुसऱ्याविषयीचे भाकीत आहे. आपल्या कृत्याचे समर्थन नव्हे. शिष्टाचार जगाचा कारभार चालविण्याची हमी देत नाही. त्या कारभारात आपला हात कोणत्या कागदावर होता, एवढेच तो ठरवितो.

पुढे दुसरे एक घर ठरले तेव्हा आम्ही १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे कचेरीस आगाऊ कळविले. मालमत्ता कोठे, किंमत किती, विकणारा कोण, पैसा कोठून आणला, असे सर्व रकाने भरले. ह्या घरावर दुसऱ्या कोणाचा शब्द आहे काय, असा रकाना त्या नमुन्यात नाही. तो तेथे असावा, असे आमचे म्हणणेही नाही. प्रत्येक गोष्टीस नमुना काढला तर कचेऱ्या पुरणार नाहीत. तो रकाना ज्याने त्याने स्वतःच आखावा आणि स्वतःच भरावा.

नव्या घरात फळी बसविताना सौ.नी भिंतीवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर आम्ही टेबलावरील गठ्ठा उपसला. त्यात भविष्य निर्वाह निधीचे तीन अर्ज तळाशी पडले होते. ते आम्ही दुपारच्या आत वर पाठविले.