जिथे थांबलो तिथून

तीर्थयात्रेला निघालेल्या माणसाने निम्म्या वाटेवरून घरी परतावे, वर्षभर संसार करावा, आणि पुढल्या वर्षी पुन्हा जाऊन उरलेली वाट चालू लागावे, याला यात्रा म्हणावे काय? हा प्रश्न मला एका मित्राने थट्टेत विचारला होता. “म्हणजे पुण्यसुद्धा हप्त्याहप्त्याने!” असे म्हणून तो मोठ्याने हसला. मीही हसलो. पण थट्टेतले प्रश्न मनात चोरपावलांनी शिरतात आणि मग हलायचे नाव घेत नाहीत.

मी चालत होतो ती वाट आपल्याकडची नव्हे. स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे गाव आहे. येशूचा शिष्य संत याकोब याची समाधी तिथे आहे अशी श्रद्धा असून, नवव्या शतकापासून लोक तिथे पायी जात आले आहेत. तिथे जाणाऱ्या वाटा अनेक. त्यांतली एक समुद्रकाठाने जाते. फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या इरून गावापासून ती निघते आणि सान सेबास्तियान, बिल्बाओ, सान्तान्देर, खिहोन अशी गावे घेत, सुमारे 820 किलोमीटर चालवून माणसाला सान्तियागोला पोहोचवते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला हिरवे डोंगर, आणि पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही. कोकणातल्या माणसाला तिथे फारसे परके वाटू नये. चढउतार मात्र असे की गुडघ्यांना आपले वय बरोबर आठवते.

माझी मुलगी नोकरीच्या निमित्ताने फ्रान्समध्ये बोर्दोला असते. तिच्याकडे वर्षातून एकदा जाणे होते, आणि त्यातले आठदहा दिवस मी या वाटेला देतो. 2022 साली इरूनहून बिल्बाओपर्यंत गेलो. 2023 साली बिल्बाओहून निघालो आणि तिसऱ्या दिवशी लारेडो या गावी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या लांबलचक पुळणीवरून चालत जायचे आणि टोकाला होडीत बसून पलीकडच्या सान्तोन्याला उतरायचे, असा बेत होता. पण पहाटेच दादाचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. “नीघ,” एवढेच तो म्हणाला.

मी निघालो. बसच्या खिडकीतून ती पुळण काही वेळ दिसत होती, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मला आईची जितकी काळजी वाटत होती, तितकेच स्वतःबद्दल काहीसे वाईट वाटत होते. आई शहाऐंशी वर्षांची. तिला सोडून मी परमुलुखात, परधर्माच्या वाटेवर कसले पुण्य गोळा करीत होतो? आणि आता निघालोच होतो, तर ही वाट सोडताना मन का अडखळत होते? दोन्ही बाजूंनी मी उणाच ठरत होतो. जाण्यात चूक, परतण्यातही चुटपुट.

आई तेव्हा सावरली. आठवड्याभराने उठून बसल्यावर तिने विचारले, “कुठपर्यंत गेला होतास रे?” मी गावाचे नाव सांगितले. ते तिच्या कानांना काय कळणार! पण तिने पुढे विचारले ते मी विसरणार नाही. “मग तिथं खूण ठेवलीस ना?”

तिला खुणेचेच सुचावे, यात नवल नव्हते. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ज्ञानेश्वरी वाचीत असे. सप्ताहाला बसून एका दमात पारायण करणे तिला कधी जमले नाही. सासूसासरे, दीर, आम्ही मुले, आलागेला, दुखलेखुपले. चुलीवर आमटी उकळत असताना चार ओव्या, दुपारी पाठ टेकण्यापूर्वी दहा. कोणी हाक मारली की ती पोथीत मोरपीस ठेवी आणि उठे. दुसऱ्या दिवशी मोरपीस उचलून पुढची ओवी. मागची एक गाळली नाही, पुढची एक ओढली नाही. अशा रीतीने तिने किती वेळा ग्रंथ पुरा केला याचा हिशेब तिच्यापाशी नव्हता, आणि आम्हीही तो कधी मांडला नाही.

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडू लागले. आपण यात्रेचा अखंडपणा पायांत शोधतो. पाय थांबले की यात्रा तुटली असे समजतो. वस्तुतः अखंड म्हणवणाऱ्या वाटेलाही खिंडी असतातच. याच वाटेवर पासाईया गावाची खाडी होडीनेच ओलांडावी लागते, लारेडोचीही तशीच; म्हणून कोणी ती चाल खंडित झाली म्हणत नाही. आपल्या नर्मदामाईच्या परिक्रमेत चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी मुक्काम करतो, आणि पावसाळा सरला की तिथूनच पुढे निघतो. शिवाय ‘पुरी यात्रा’ म्हणजे तरी किती? मध्ययुगातला यात्रेकरू आपल्या घराच्या उंबऱ्यापासून निघे, आणि सान्तियागोला पोहोचला की त्याची निम्मीच वाट झालेली असे. कारण परतही चालतच यावे लागे. आज एका दमात 820 किलोमीटर चालून विमानाने घरी जाणारा वीर त्या जुन्या माणसापुढे अर्धाच यात्रेकरू. मग हप्त्याने चालणाऱ्यालाच तेवढे का हसावे?

तथापि दुसरी बाजू दडपून ठेवणे बरोबर नाही. एकसलग चालणाऱ्याला जे मिळते ते मला मिळत नाही, हे मी कबूल करतो. वाटेत भेटलेले कित्येक जण सांगत की, दुसऱ्या आठवड्यानंतर घर मागे पडते, ओझे हलके होते, आपण कोण याचाही थोडा विसर पडतो. मला तो विसर कधीच पडत नाही. माझे दिवस सरतात ते पायांना फोड येऊन ते बरे होईपर्यंत. दरवर्षी मी नवशिकाच. संन्याशाला जे साधते ते गृहस्थाला तसेच साधेल असे म्हणणे ही स्वतःची समजूत घालणे झाले.

पण गृहस्थाच्या वाट्याला एक कसोटी येते, ती एकसलग चालणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. ती परत येण्याची. आई त्याच वर्षी श्रावणात गेली. 2024 साली मी पुन्हा निघालो तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, दिवस थोडे आहेत. सरळ सान्तान्देरहून सुरू करा ना. दोन दिवस वाचतील. कोण विचारणार आहे?”

तिचे म्हणणे अगदी खरे होते. यात्रेकरूपाशी एक पुस्तिका असते, तिच्यावर मुक्कामोमुक्कामी शिक्के घेतात. पण सान्तियागोला प्रमाणपत्र मिळण्यासाठी पायी किमान 100 किलोमीटर पुरेत. बाकीच्या सातशेंबद्दल कोणी अवाक्षर विचारीत नाही. म्हणजे ते दोन दिवस गाळले असते तर फसवणूक कोणाचीच होत नव्हती. संत याकोबाची नाही, चर्चची नाही, सरकारची नाही. ज्या चुकीने कोणाचेच नुकसान होत नाही, तिला चूक म्हणावे का?

मी बराच विचार केला, आणि मला वाटले की प्रश्न दोन दिवसांचा नव्हताच. तुटलेली वाट जोडणारे एकच ठिकाण असते. जिथे ती तुटली ते. तिथे मी गेलो नाही तर दोन वेगळ्या सहली होतील, यात्रा होणार नाही. थांबणे माझ्या हाती नव्हते. ते दादाच्या फोनने ठरवले. तिथूनच पुन्हा निघणे मात्र सर्वस्वी माझ्या हाती होते. आणि संकल्प नावाची वस्तू कुठे राहात असेल, तर ती न थांबण्यात नव्हे, त्या परत येण्यात राहात असावी.

मी लारेडोला उतरलो. सकाळी त्या पुळणीवरून चाललो. ओल्या वाळूवर दोघेचौघे फिरायला आले होते, पलीकडे सान्तोन्याचा डोंगर. टोकाला होडी आली, फळी टाकली, मी चढलो. घडले काहीच नाही. पण 2023 च्या पहाटे बसच्या खिडकीशी जे मन अडखळले होते, ते तिथे सुटले. आईकडे परतणे हा यात्रेचा भंग नव्हता. तीही त्याच वाटेची एक मजल होती, हे मला पायांनी कळले.

2025 साली मी रिबादेओपर्यंत गेलो. तिथे वाट समुद्राचा निरोप घेते आणि आत डोंगरांत शिरते. अजून एकशेनव्वदएक किलोमीटर राहिले आहेत. होतील किंवा न होतील.

आई गेली तेव्हा पोथीत मोरपीस तेराव्या अध्यायात होते. दिवस संपल्यावर पोथी पुन्हा पहिल्यापासून वाचावी की तशीच बांधून ठेवावी, यावर घरात थोडी चर्चा झाली. वहिनी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमटीला फोडणी देऊन ती पाटावर बसली, मोरपीस उचलले, आणि पुढची ओवी वाचू लागली.